उंबऱ्यावरचा हिशोब

गोंदियाच्या जयस्तंभ चौकातून फुलचूर नाक्याकडे निघाले की शहर नेमके कुठे संपले ते लक्षात येत नाही. घरे संपत नाहीत, दुकाने संपत नाहीत, गाड्यांची वर्दळही संपत नाही. अशा गावांसाठी जनगणनेने वेगळा वर्गच केला आहे. लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा पंचाहत्तर तरी शेतीबाहेरच्या कामात असतील, तर ते ‘जनगणना शहर’. कारभार ग्रामपंचायतीचा, राहणी शहराची. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ ठिकाणे होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. २०११ मध्ये १,३२,८१३ लोकवस्ती असलेल्या गोंदियाला चिकटून वाढलेले फुलचूर हे त्यांपैकीच एक.

चालण्याविषयी लिहायचे तर मुंबई-पुण्याचे फुटपाथ सोडून फुलचूरला का यायचे? मोठ्या शहरांत माणसांनी चालणे सोडले त्याला आता दोन-तीन पिढ्या झाल्या. का सोडले, हे तिथे कुणाला नीट आठवतही नाही. धानाच्या पट्ट्यातल्या या वाढत्या गावांत ते आज, आपल्या डोळ्यांदेखत घडते आहे. आजी रोवणीला बांधीवर पायदळ जायची, मुलगा सायकलने राइस मिलमध्ये जायचा, नातू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही दुचाकीने जातो. तिघांचे पाय सारखेच धडधाकट आहेत. बदलले आहे ते पायांखालचे आणि पायांच्या आजूबाजूचे.

चालणे ही सवयीची, आवडीची किंवा आळसाची गोष्ट आहे असे आपण धरून बसलो आहोत. म्हणून सगळा उपदेश माणसाला होतो: रोज अर्धा तास चाला, गाडी घरी ठेवा, मुलांना पायी शाळेत पाठवा. मला या प्रकरणात एकच गोष्ट दाखवायची आहे. पायी निघायचे की गाडीची किल्ली घ्यायची, याचा हिशोब घराच्या उंबऱ्यावर काही सेकंदांत होतो आणि त्यात सर्वांत जास्त वजन असते ते वाटेतल्या सर्वांत वाईट शंभर मीटरांना. बाकीची वाट कितीही चांगली असली तरी ती या शंभर मीटरांची भरपाई करू शकत नाही.

आधी अंतराचे पाहू. कामाला निघालेला निरोगी माणूस तासाला साडेचार ते पाच किलोमीटर चालतो. म्हणजे दहा मिनिटांत पाऊण किलोमीटर, एक किलोमीटरला बारा-तेरा मिनिटे. दहा-बारा मिनिटांपर्यंत बहुतेक माणसे फारसा विचार न करता चालतात. अर्ध्या तासाचा प्रश्न आला की पर्याय शोधू लागतात. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांना कामावर कसे जाता, असे विचारले होते. देशभरात पाचांतल्या एकाहून थोड्या जास्त लोकांनी ‘पायी’ असे सांगितले. शाळेच्या बाबतीत तर मुलाच्या पायांची मर्यादा नियमांतच आली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नमुना नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. वाटेत मुलांना धोका असेल तर तो टळेल अशी शाळेची जागा ठरवावी, हेही त्यात आहे. त्या धोक्यांत दरडी आहेत, पूर आहेत. भरधाव वाहनांचा रस्ता नावाने नाही. आज तो नावाने असायला हवा.

अंतर मात्र नकाशावरचे आणि पायाखालचे वेगवेगळे असते. १९९७ मध्ये रॉबर्ट सर्वेरो आणि कारा कॉकेलमन या अमेरिकी संशोधकांनी वस्तीचे तीन गुण माणसांच्या प्रवासाशी जोडून दाखवले: दाटी, घरे-दुकाने-कामाच्या जागा यांची सरमिसळ, आणि रस्त्यांची रचना. पुढे २०१० मध्ये रीड यूइंग आणि सर्वेरो यांनी अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. चालण्याशी सर्वांत घट्ट नाते निघाले ते वस्तीतल्या सरमिसळीचे, चौक किती जवळजवळ आहेत याचे आणि चालत जाण्याजोग्या अंतरात किती ठिकाणे आहेत याचे. नुसत्या दाटीचा प्रभाव त्या मानाने कमी होता.

हे आपल्याकडच्या ले-आउटला लावून पाहा. शहराच्या कडेची धानाची जमीन एकेका मालकाकडून, एकेका तुकड्याने विकली जाते. प्रत्येक तुकड्यात प्लॉट पाडणारा आपल्यापुरते रस्ते आखतो. ते मोठ्या रस्त्याला एका ठिकाणी मिळतात आणि आत कुठेतरी कुंपणाला जाऊन थांबतात. शेजारच्या ले-आउटचे रस्तेही तसेच. कुंपणापलीकडचे घर हाकेच्या अंतरावर असते, पण तिथे जायचे तर मोठ्या रस्त्यावर येऊन, तो धरून, पुन्हा आत वळावे लागते. पन्नास-साठ मीटरचे पाचशे-सहाशे मीटर होतात. शिवाय हे प्लॉट केवळ घरांचे, त्यामुळे पीठ गिरणी, किराणा, औषधाचे दुकान सगळे मोठ्या रस्त्यावर. जुन्या गावठाणात गल्लीला बोळ फुटतो, बोळ दुसऱ्या गल्लीत निघतो, आणि गल्लीतच एखाद्या घराच्या ओट्यावर दुकान असते. गावठाणातल्या माणसाला कुणी चालण्याचे महत्त्व सांगितलेले नसते. तिथे चालणेच सोयीचे असते. दोन ले-आउटच्या मधल्या कुंपणात माणूस जाईल एवढी वाट ठेवायला काही खर्च येत नाही. ती मंजुरीच्या वेळी मागितली तरच मिळते, हे मात्र खरे.

आता त्या वाईट शंभर मीटरांकडे येऊ. विदर्भातल्या कुठल्याही वाढत्या गावाच्या मुख्य रस्त्याची कड घ्या. डांबर जिथे संपते तिथे बोटभर ते वीतभर उंचीची तुटकी धार असते. तिच्याखाली मुरमाची पट्टी, जी उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल होते. त्या पट्टीवर कुणाच्या तरी बांधकामाची गिट्टी आणि रेती, उभ्या केलेल्या दुचाक्या, विजेचा खांब, त्याला टेकवलेला फलक, पाणठेल्याचा बाक. मग नाली. नालीवर प्रत्येक दुकानदाराने आपल्या दारापुरती फरशी टाकलेली असते. दोन फरश्यांच्या मध्ये फट, कुठे टवका उडालेला, कुठे फरशीच नाही. त्यापुढे घराघरांचे उतार. प्रत्येकाने जोते आपल्या सोयीने उचललेले, त्यामुळे एक उतार गुडघ्याएवढा, दुसरा घोट्याएवढा. शंभर पावलांत पाय सात-आठ वेळा वर-खाली होतो आणि नजर सतत जमिनीवर ठेवावी लागते. काठी टेकणारा माणूस इथून जाऊच शकत नाही. कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेली बाई काही पावलांतच हे सोडून डांबरावर उतरते. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे, असे रस्ता सुरक्षेचे सांगणे आहे. उजवी कडही अशीच असल्यामुळे जिकडे जागा मिळेल तिकडून लोक चालतात, बहुतेकदा मागून येणाऱ्या वाहनांकडे पाठ करून.

हे कसे असायला हवे याचे माप देशात ठरलेले आहे. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचारी सुविधांविषयीची मार्गदर्शिका, क्रमांक १०३, २०१२ मध्ये सुधारून निघाली. मोकळी, अडथळा नसलेली चालण्याची पट्टी किमान १.८ मीटर रुंद हवी, डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबता कामा नये, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. १.८ मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. एवढ्या जागेत दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. बाजाराच्या भागात पट्टी याहून रुंद लागते. १५० मिलिमीटर म्हणजे साधारण घराच्या पायरीएवढी उंची. आपल्याकडे गाड्या चढू नयेत म्हणून फुटपाथ फूटभर उंच बांधतात. मग गुडघे दुखणारी माणसेही त्यावर चढत नाहीत आणि दुचाकीवाले मात्र कुठल्या तरी घराच्या उतारावरून चढतातच.

कड कशीबशी पार केली तरी रस्ता ओलांडायचा असतो, आणि माझ्या मते माणसांना चालण्यापासून सर्वांत जास्त अडवणारी गोष्ट हीच. हिशोब करून पाहू. दोन्ही दिशांच्या वाहतुकीचा १४ मीटर रुंद रस्ता आहे. सिग्नलची आखणी करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या वेगाने हा रस्ता ओलांडायला जवळपास १२ सेकंद लागतात. तासाला ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. म्हणजे तिच्यात आणि तुमच्यात १६० मीटरचे मोकळे अंतर असेल तेव्हाच पाऊल टाकावे. सत्तरीच्या माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर त्याला साडेसतरा सेकंद लागतात आणि २४० मीटर मोकळा रस्ता लागतो, तोही दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी एवढी मोकळीक मिळतच नाही. त्यात २४० मीटरवरची दुचाकी साठच्या वेगाने येते आहे की चाळीसच्या, हे म्हाताऱ्या डोळ्यांनी ओळखायचे असते.

याच रस्त्यावर गाड्यांचा वेग ३० वर आणला आणि मध्ये थांबायला दुभाजकाची सुरक्षित जागा केली, तर आकडे पार बदलतात. ओलांडायचे अंतर एका वेळी सात मीटर, म्हातारबुवांना पावणेनऊ सेकंद, आणि हवी असलेली मोकळीक ७३ मीटर, तीही एकाच बाजूची. रस्त्याची रुंदी तीच, माणूस तोच. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही याच दिशेचा आहे: गाडीचा वेग ५० वरून ६५ वर गेला की तिची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची सरासरी नव्वद येते. यांतला प्रत्येक मृत्यू एका घराचा आणि एका मोहल्ल्याचा चालण्याविषयीचा निर्णय कायमचा बदलून जातो. गल्लीतले एक मूल शाळेच्या वाटेवर गेले की पुढची कित्येक वर्षे त्या गल्लीतले कुठलेही मूल पायी पाठवले जात नाही, आणि त्या आईबापांना दोष देण्याची हिंमत कुणी करू नये.

मुंबईने या प्रश्नावर माणसांनाच वर चढवायचा उपाय करून पाहिला. वांद्रे पूर्वेचा पहिला स्कायवॉक २००८ मध्ये उघडला आणि पुढे महानगर प्रदेशात अनेक झाले. स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेले स्कायवॉक वापरले गेले, कारण माणूस मुळात वरच असतो. जिथे खालून जिना चढून पुन्हा उतरायचे होते, तिथे लोक खालूनच जात राहिले. ज्याला रस्ता ओलांडणे सर्वांत अवघड जाते, त्यालाच जिना सर्वांत अवघड जातो. छोट्या गावांच्या मोठ्या रस्त्यांवर पादचारी पुलाची मागणी होते तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

वाहतूक माणसांच्या नात्यांतही शिरते. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सारख्याच घरांच्या तीन रस्त्यांची पाहणी केली. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, तर सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावरून सुमारे १६,०००. शांत रस्त्यावरच्या लोकांना त्याच रस्त्यावर तिप्पट मित्र होते. वर्दळीच्या रस्त्यावर माणसे रस्त्याकडची खोली सोडून मागे सरकली होती. महामार्गाच्या दोन बाजूंना पसरलेल्या आपल्या गावांत हे वेगळ्या अभ्यासाशिवायही दिसते. पलीकडच्या बाजूला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका वर्षागणिक कमी होतात, आणि त्यांना एकमेकींचा कंटाळा आलेला नसतो.

बायकांचा हिशोब पुरुषांपेक्षा लांबलचक असतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांविषयी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिले. रस्त्यावरच्या बाईला आपण काही कामासाठी बाहेर पडलो आहोत हे सतत दाखवत राहावे लागते, हे त्यांनी बारकाईने मांडले आहे. लहान गावात ते दसपटीने खरे आहे. तिथे प्रत्येक नजर ओळखीची असते. संध्याकाळी सातनंतर कुठल्या पाणठेल्यापुढे टोळके असते, कुठल्या खांबावरचा दिवा गेलेला आहे, कुठल्या वळणावर लांबच लांब भिंत आहे आणि एकही दार उघडत नाही, याचा नकाशा प्रत्येक मुलीच्या डोक्यात असतो. त्याप्रमाणे ती लांबची पण उजेडाची वाट धरते. फुलचूरपेठेत शासकीय तंत्रनिकेतन आहे. अशा संस्थांत शिकायला येणाऱ्या मुलींचा हिशोब त्यांच्या आधी त्यांच्या घरचे करतात, आणि मुलगी परतायच्या वेळी वाट अंधारी असेल तर कधी कधी कॉलेजच बदलते.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही मोठी चांगली गोष्ट आहे. सायकल मुलीला अंतरही देते आणि टोळक्यापुढून वेगाने निघून जाण्याची सोयही. पण सायकललाही तीच तुटकी कड आणि तोच चिखल पार करावा लागतो. कुत्र्यांच्या टोळ्यांबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. पहाटे किंवा रात्री पायी निघणाऱ्या प्रत्येकाला आपल्या भागातली धोक्याची जागा माहीत असते.

ऊन हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरेच आहे. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपट्टा डोक्याला बांधून, कांदा खिशात ठेवून माणसे कामे उरकतात, पण अकरा ते पाच या वेळेत उघड्या डांबरावरून कुणी हौसेने चालत नाही. शरीराला तापवते ती हवा जेवढी, तेवढेच वरून येणारे ऊन आणि खालून डांबरातून परत येणारी धग. सलग सावली या दोन्ही तोडते. म्हणून कडुनिंब, करंज, चिंच यांच्या सावलीचा जुना रस्ता मे महिन्यातही चालता येतो. रुंदीकरणात सर्वांत आधी हीच झाडे जातात, कारण ती नेमकी चालणाऱ्यांच्या जागेत उभी असतात. त्याऐवजी दुभाजकात फुलझाडे लावली जातात, ज्यांची सावली कुणाच्याच डोक्यावर पडत नाही.

पैशाची बाजूही सरळ आहे. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आणि दुचाकीचे मायलेज पन्नास धरले तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. गाडी हप्त्यावर घेऊन झालेली असते. मग एक किलोमीटर चालून वाचतात दोन रुपये, आणि त्या बदल्यात बारा-तेरा मिनिटे, घाम, चिखल आणि जीवाची धास्ती. या सौद्यात किल्ली घेणारा माणूस आळशी नाही, त्याला गणित येते. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ऑटोला दहा रुपये परवडत नाहीत, तेच चालतात. त्यामुळे हळूहळू पायी चालणे हे नडीचे लक्षण ठरते. ओळखीचा माणूस पायदळ दिसला की दुचाकी थांबवून ‘बसा, सोडून देतो’ म्हणणे हा आपला सुंदर शिष्टाचार आहे. पण रोज चारदा नकार द्यावा लागला की चालणाऱ्यालाच ओशाळे वाटू लागते.

तरीही माणसांना चालायला आवडते, याचा भरभक्कम पुरावा रोज पहाटे मिळतो. लोक दुचाकीवर बसून मैदानापर्यंत जातात आणि तिथे गोल गोल चालतात. यात विसंगती नाही. मैदानात गाड्या नाहीत, जमीन सपाट आहे, सोबत आहे, कोण कुठे जाते असे विचारणारे कुणी नाही. घरापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यावर यातले काहीच नाही. लोक चालण्याची जागा अतिशय चोखंदळपणे निवडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि वारीकडे पाहा. आळंदी ते पंढरपूर हे अडीचशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर लाखो माणसे तीन आठवड्यांत पायी जातात. त्यांत साठी-सत्तरीच्या बायका मोठ्या संख्येने असतात. श्रद्धा हे मूळ आहेच, पण शेकडो वर्षांत बसलेली घडीही आहे: ठरलेले मुक्काम, विसाव्याच्या जागा, पाणी, जेवण, दिंडीची सोबत, आणि पालखी चालते तेव्हा त्या रस्त्यावर गाड्यांना मिळणारा दुय्यम मान. माणसांना चालते कसे करायचे याचे सगळे ज्ञान आपल्या समाजाकडे आहे, ते फक्त आषाढापुरते वापरले जाते.

चालण्याचे कौतुक करताना एक गोष्ट निसटू नये. सक्तीचे चालणे हे सुख नसते. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी आहे. पर्यटकाला त्यात स्वर्ग दिसतो. पण तिथल्या शाळकरी मुलांना आणि वृद्धांना रोजची कित्येक किलोमीटरची चढ-उतार करावी लागे, आणि माणसांनी ओढायच्या रिक्षा तिथे चालू होत्या. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा प्रयोग म्हणून आल्या तेव्हा त्या मुलांना मिळालेला दिलासा खरा होता. चालणे निवडता आले पाहिजे, याचा अर्थ न चालणेही निवडता आले पाहिजे.

स्पेनमधले पोंतेवेद्रा हे गोंदियाहून लहान, ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचे शहर. १९९९ पासून तिथल्या नगरपालिकेने मध्यवर्ती भागातून गाड्यांचा बहुतेक वावर काढला. त्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. त्यांनी मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढला, ज्यात स्टेशनांच्या जागी चौक, बाजार, दवाखाना आहेत आणि रेषांवर पायी लागणारी मिनिटे. लोकांना अंतरे वाटतात त्यापेक्षा जवळ निघाली. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ करून दाखवले. तिथे संध्याकाळी बाकांवर बसलेली म्हातारी माणसे पाहिली की धोरण म्हणजे काय ते कळते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

हा हक्क फुलचूरसारख्या ठिकाणी कुणाकडे मागायचा, इथे खरी गाठ आहे. मोठे रस्ते महामार्गाच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अखत्यारीत, आतले ग्रामपंचायतीच्या, आणि हद्द ओलांडली की नगर परिषदेच्या. रस्ता बांधणाऱ्याचा अंदाज डांबराच्या कडेशी संपतो, ग्रामपंचायतीचा घराच्या दारापाशी सुरू होतो. मधली दीड-दोन मीटरची पट्टी, जिथे माणसाने चालायचे असते, ती कुणाच्याच कागदावर ठळक नसते. शहरी भागांसाठीचा १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदाही महापालिका आणि नगर परिषदांच्या हद्दीचा विचार करून झालेला आहे. शहरासारखी गर्दी असूनही शहराचे संरक्षण नाही, अशी या गावांची अवस्था आहे.

पण त्या पट्टीत एक काम गावोगावच्या ग्रामपंचायती वरचेवर करतात, ते म्हणजे नाली. गावाच्या विकास आराखड्यात नालीबांधणी हमखास असते आणि ग्रामसभेत त्यावर सर्वांत जास्त बोलले जाते. अनेक शहरांत फुटपाथ म्हणून आपण जे चालतो ते खाली वाहणाऱ्या नालीचे झाकणच असते. म्हणून नालीचे अंदाजपत्रक मांडले जाईल त्याच दिवशी काही प्रश्न विचारायचे. झाकण धरले आहे का? नाली आणि तिच्या कडेची पट्टी मिळून १.८ मीटर होते का? झाकणे सफाईसाठी उचलता येतील, पण काठीचे टोक किंवा मुलाचे पाऊल फटीत अडकणार नाही अशी बसवली आहेत का? वर सगळी पातळी एक ठेवून घरांचे उतार तिच्या आत, आपल्या हद्दीत घेतले आहेत का? विजेचा खांब पट्टीच्या मधोमध येतो आहे का? आणि शाळेसमोर, जिथे मुले ओलांडतात तिथे, मोठ्या रस्त्यावर उंचवट्याचे क्रॉसिंग आणि दुभाजकात उभे राहायची जागा मागणारे ग्रामसभेचे ठरावपत्र बांधकाम विभागाकडे गेले आहे का? ठरावाची प्रत, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ठेवावा लागतो. पुढच्या रुंदीकरणाचा नकाशा येतो तेव्हा आधीपासून नोंदलेली मागणी बाजूला सारणे अवघड जाते.